पटावरची मुले आणि प्लेऑफच्या दोन जागा

ऑक्टोबरच्या अखेरच्या शुक्रवारी आमच्या शाळेच्या कार्यालयातील बाई हजेरीपट दोनदा मोजतात. टेक्सस राज्यात या दिवसाला स्नॅपशॉट डे म्हणतात. त्या दिवशी पटावर जितकी मुले असतील तितकीच सरकारी हिशेबात धरली जातात, आणि एक वर्षाआड, विषम सालातल्या ऑक्टोबरात, शाळांचा हा आकडा युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, या राज्यातील शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेकडे जातो. पुढच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला यूआयएल नवी विभागणी जाहीर करते, आणि आमची मुले दोन वर्षे कोणाशी फुटबॉल (अमेरिकन, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा) खेळणार, त्यासाठी किती मैल बसने जाणार आणि प्लेऑफसाठी, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांसाठी, कोणाला मागे टाकावे लागणार, हे सारे त्या एका आकड्यावरून ठरते.

मी पश्चिम टेक्ससमधल्या एका लहान गावात सहा वर्षांपासून गणित शिकवते. नववी ते बारावी मिळून आमच्याकडे साठीच्या आसपास मुले-मुली आहेत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि ३० सप्टेंबरचा पट ही आमच्या घरात सणावाराइतकी पाठ असलेली तारीख होती, कारण त्या पटावरून संचमान्यता होई आणि शाळेत किती शिक्षक राहतील ते ठरे. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा आपल्या पटावरचे प्रत्येक मूल खरे आहे हे ठाऊक असूनही अण्णा ते तीन दिवस नीट जेवले नव्हते. त्यामुळे एक कुटुंब गाव सोडून गेले की शाळेचे काय होते, हे मला इथे येऊन शिकावे लागले नाही. फुटबॉल मात्र मुळापासून शिकावा लागला.

नववी ते बारावीचा पट १०४.९ किंवा त्याहून कमी असलेल्या टेक्ससच्या शाळा १ए या सर्वांत लहान वर्गात येतात आणि त्यांना अकराऐवजी सहा जणांचा फुटबॉल खेळण्याची मुभा असते. या खेळाला इथे सिक्स-मॅन म्हणतात. तो नेब्रास्का राज्यातला. तिथल्या चेस्टर गावच्या स्टीफन एप्लर या शिक्षकाने १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, अकरा मुले जमवू न शकणाऱ्या शाळांसाठी त्याचे नियम बांधले. पहिला सामना हेब्रन येथे झाला, त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन शाळांचे मिळून संघ होते आणि तो १९–१९ असा बरोबरीत सुटला. मैदान ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद असते, चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी चार प्रयत्नांत दहा नव्हे तर पंधरा यार्ड पुढे जावे लागते, आणि सहापैकी कोणालाही पास घेता येतो, त्यामुळे पळापळ फार असते. टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेघेपार नेणे, याला सहा गुण आणि त्यानंतरच्या किकला दोन गुण आहेत, कारण इतक्या कमी माणसांच्या आडोशाने किक मारणे सोपे नसते. मध्यंतराला किंवा त्यानंतर कधीही ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच थांबतो. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

१ए वर्गाचे फुटबॉलसाठी पुन्हा दोन भाग होतात, मोठ्या पटाच्या शाळांची डिव्हिजन एक आणि लहान पटाच्या शाळांची डिव्हिजन दोन. वरची १०४.९ ची मर्यादा बरीच वर्षे तीच आहे, पण या दोन भागांमधली रेघ सर्व शाळांचे आकडे आल्यावर साधारण मधोमध पाडली जाते आणि ती अलीकडे साठीच्या जवळपास पडते. म्हणजे आमच्यासारख्या शाळेला त्या शुक्रवारी आपण रेघेच्या कोणत्या बाजूला आहोत हेच माहीत नसते. मागच्या एका विभागणीच्या वेळी तीन भावंडे पटावर होती. वडिलांचे तेलविहिरीवरचे काम संपले आणि नाताळाच्या सुटीत ते कुटुंब निघून गेले. आम्ही डिव्हिजन एकमध्ये गेलो आणि दोन वर्षे शंभरीच्या जवळच्या शाळांशी खेळलो. त्या तीन भावंडांपैकी दोघी मुली होत्या. टेक्ससमध्ये एकूण पट धरतात, मुलगे किती हे पाहत नाहीत. नेब्रास्काने फुटबॉलचे वर्ग केवळ मुलग्यांच्या पटावरून ठरवण्याची पद्धत स्वीकारली आहे, आणि लहान शाळांपुरती ती अधिक न्यायाची आहे असे माझे ठाम मत आहे. पट हजाराचा असेल तर मुलग्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहते. पट साठ असेल तर ते बावीस असू शकतात किंवा अडतीसही, आणि ज्या खेळात सहा जण मैदानात उतरतात त्यात हा फरक म्हणजे सारे काही आहे.

प्लेऑफचा हिशेब याहून कठोर आहे. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये बहुतेक डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे यूआयएलने पाडलेल्या शाळांच्या गटांमधून, चार संघ पुढे जातात. १ए मध्ये दोनच. प्रत्येक डिव्हिजनमध्ये सोळा डिस्ट्रिक्ट असतात, त्यामुळे बत्तीस संघ आणि पाच फेऱ्या. अखेरची फेरी आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममध्ये, जिथे डॅलस काउबॉइज हा व्यावसायिक संघ खेळतो त्याच छताखाली. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये चारच शाळा होत्या. मोसमात दहा सामने होतात, पण पात्रतेसाठी मोजले जातात ते फक्त डिस्ट्रिक्टमधले तीन. उरलेल्या सातांपैकी सातही जिंकले तरी त्यांचा उपयोग सरावापुरताच. मला हे सुरुवातीला अन्यायाचे वाटे, पण आता तसे वाटत नाही, कारण शेजारच्या गावाशी होणाऱ्या सामन्याला या तीनांमुळेच वजन येते आणि राज्यभरच्या संघांना गुणांकनाने एका रांगेत लावले तर ते वजन जाईल.

माझी खरी तक्रार बरोबरी सोडवण्याच्या नियमाविषयी आहे. तो प्रत्येक डिस्ट्रिक्टमधल्या शाळा मोसमापूर्वी आपसांत ठरवतात. आमच्याकडे तीन संघ प्रत्येकी दोन विजय आणि एक पराभव अशा स्थितीत आले. त्यांना अ, ब आणि क म्हणू, ब आम्ही. अ ने आम्हाला २० गुणांनी हरवले, आम्ही क ला ८ गुणांनी हरवले आणि क ने अ ला १० गुणांनी. गुणफरक असा झाला: अ अधिक १०, क अधिक २, आम्ही उणे १२. अ पहिला ठरला हे मान्य. पण त्यानंतर उरलेल्या दोघांत परस्परांमधला सामना पाहायला हवा होता आणि तो आम्ही जिंकला होता. आमच्या डिस्ट्रिक्टच्या नियमात दोन्ही जागा गुणफरकानेच भरायच्या असे लिहिले होते, त्यामुळे ज्यांना आम्ही हरवले ते प्लेऑफला गेले आणि आमची मुले घरी राहिली.

अ विरुद्धच्या सामन्यात तीन मिनिटे उरली असताना आम्ही चारच गुणांनी मागे होतो. मग त्यांनी दोन टचडाउन आणि दोन्ही किक असे सोळा गुण केले. ते झाले नसते तर आम्ही अधिक ४ वर पहिले, क दुसरा आणि अ उणे ६ वर बाहेर, असा निकाल लागला असता. त्यामुळे जिंकलेला सामना हातात असतानाही पळत राहिल्याबद्दल त्यांच्या प्रशिक्षकांना मी दोष देत नाही. नियमानेच त्यांना तसे करायला सांगितले होते. अनेक डिस्ट्रिक्ट एका सामन्यातला गुणफरक ठरावीक आकड्यापर्यंतच धरतात. १९८८ मध्ये ओडेसाची पर्मियन आणि मिडलंडच्या दोन शाळा, तिन्ही पुष्कळ मोठ्या, यांच्यातली अशीच तिहेरी बरोबरी नाणेफेकीने सोडवली होती. मी तो हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा बारावीतला आमचा एक खेळाडू शांतपणे म्हणाला, “मिस, नाणे बरे होते.”

टेक्ससमध्ये सिक्स-मॅनची राज्य अजिंक्यपदाची स्पर्धा १९७२ पासून आहे. त्या पहिल्या वर्षी ओब्रायन या गावाने जॅरेलला हरवून विजेतेपद मिळवले. ओब्रायनची शाळा पुढे शेजारच्या नॉक्स सिटीत विलीन झाली. ऑस्टिनच्या उत्तरेला महामार्गालगत असलेले जॅरेल मात्र इतके वाढले की तिथली शाळा आता कितीतरी वरच्या वर्गात अकरा जणांचा फुटबॉल खेळते. आमच्या स्टाफरूममध्ये या दोन गावांची नावे पुष्कळदा निघतात, विशेषतः ऑक्टोबरात.

नव्या मोसमापूर्वीच्या डिस्ट्रिक्टच्या बैठकीसाठी मी आमच्या प्रशिक्षकांना एका पानाचे टिपण करून दिले आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: एका सामन्यातला गुणफरक पंधरापर्यंतच धरावा, आणि तिघांपैकी एकाची जागा ठरली की उरलेल्या दोघांसाठी परस्परांमधला सामना पाहावा. त्याच पानावर खाली मागच्या मोसमाचे तिन्ही निकाल आणि दुसऱ्या मागणीप्रमाणे कोण गेले असते ते मांडले आहे. प्रशिक्षकांनी ते वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि मला विचारले की पंधराच का, वीस का नाही. मी म्हटले, दोन टचडाउन किकसह सोळा होतात, म्हणून.