ऑनिक्सियाच्या रेडची तयारी आणि तो तुरुंगातला मार्शल (माझा अनुभव)

रेड म्हणजे ऑनलाइन गेममध्ये चाळीस जणांनी मिळून मोठा शत्रू मारायचा, आणि ऑनिक्सिया ही तसलीच एक ड्रॅगन. रेडची तयारी कशी करायची असं कुणी विचारलं की सगळे पोशन (औषधाच्या बाटल्या), गिअर (शस्त्रं-चिलखत), अॅडऑन (गेमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) याच्यावरच बोलतात, मीही बोलणार आहे, पण आधी मनातलं काढून टाकते. माझे तीन वीकेंड गेममधल्या एका म्हाताऱ्या मार्शलने खाल्लेत. नाव विंडसर. अजून कुणी डिस्कॉर्डवर विंडसर म्हटलं की माझी चिडचिड होते.

गेम वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, क्लासिकवाला. मूळ गेम २००४ चा, तेव्हा मी खेळले नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक म्हणून तो जुना अवतार परत आला तेव्हा आत शिरले. अलायन्समध्ये (गेममधल्या दोन गटांपैकी एक) ड्वार्फ प्रीस्ट घेतली, म्हणजे बुटकी, जखमा भरणारी हीलर, का तर दिसायला गोड वाटली म्हणून, बाकी काही अक्कल नव्हती. पण हे नशिबाने फार उपयोगी पडलं कारण क्लासिकमध्ये फिअर वॉर्ड हा भीतीपासून वाचवणारा स्पेल फक्त ड्वार्फ प्रीस्टकडे असतो, आणि ऑनिक्सिया शेवटच्या फेजमध्ये सगळ्यांना घाबरवून पळवते तेव्हा मेन टँकवर (पुढे उभा राहून शत्रूचा मार झेलणारा) तो लावलेला असला की टँक जागेवर राहतो. त्यामुळे ६० लेव्हलला पोचायच्या आधीच गिल्डवाल्यांनी (एकत्र खेळणाऱ्यांची टोळी) घेऊन टाकलं. गिल्ड लीडरचा पहिला प्रश्न, "अट्यूनमेंट झालंय का?" मी म्हटलं, करते की, किती वेळ लागतोय.

अट्यूनमेंट म्हणजे रेडच्या दारातून आत जायची परवानगी. मोल्टन कोअर या दुसऱ्या रेडचं सोपं असतं, ब्लॅकरॉक डेप्थ्स नावाच्या डन्जनमध्ये (शत्रूंनी भरलेलं भुयार, पाच जणांनी जायचं) शेवटपर्यंत जाऊन एक कोअर फ्रॅगमेंट उचलून आणायचा, एका संध्याकाळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ऑनिक्सियाचं मात्र वेगळंच प्रकरण. बर्निंग स्टेप्समध्ये ब्रूडलिंग (ड्रॅगनची पिल्लं) मारा, मग लेकशायरला जा, तिथून स्टॉर्मविंड, परत लेकशायर, मग गुहेतल्या त्या वेड्या रॅग्ड जॉनचं ऐकत बसा, मग मार्शल मॅक्सवेल. या सगळ्यात नुसती पायपीट, ती मी गाणी ऐकत केली. मॅक्सवेल सांगतो की विंडसर ब्लॅकरॉक डेप्थ्सच्या तुरुंगात आहे, जाऊन शोध. आणि इथे गाडी रुतली.

होतं काय की विंडसरकडे पहिल्यांदा गेलात की तो हात टेकून बसलेला, आशाच सोडलेली. तुम्ही परत मॅक्सवेलला येऊन सांगायचं. मग परत त्याच डन्जनमध्ये जायचं आणि मारत सुटायचं, तिथल्या कुठल्याही शत्रूकडून एक चुरगळलेली चिठ्ठी पडते. कुठल्याही म्हणजे कुणाकडून पडेल ते नक्की नाही, आणि पडली की ती एकालाच मिळते. पाच जण असाल तर पाच चिठ्ठ्या पाहिजेत. ती चिठ्ठी नेऊन विंडसरला द्यायची, मग तो म्हणणार माझी माहिती त्या दोघांकडे आहे, जनरल अँगरफोर्ज आणि गोलेम लॉर्ड आर्गेलमाक. ते दोघं मारायचे, माहिती आणायची, परत विंडसर. आणि मग कुठे जेलब्रेक, म्हणजे त्याला तुरुंगातून सोबत करून बाहेर काढायचं. आता बघा, तुरुंग डन्जनच्या सुरुवातीला, ते दोघे बॉस बरेच आत. म्हणजे एकाची चिठ्ठी उशिरा पडली की बाकी चौघं त्याच्यासाठी थांबणार, नाहीतर त्याला सोडून पुढे जाणार. आणि ज्याची आधीची पायरी झालेली नाही त्याला जेलब्रेक मिळतच नाही, तो नुसता मदतीला.

पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण, मला सोडून सगळे अनोळखी. चौघांना तासाभरात चिठ्ठ्या मिळाल्या. टँकला मिळेना. बाहेरच्या खोल्या संपल्या, आतल्या खोल्या संपल्या, अॅनव्हिलरेजचे ते बुटके सैनिक शेकड्याने मारले असतील, टँकला काही चिठ्ठी मिळेना. बिचारा आधी हसत होता, मग गप्प झाला, मग लिहिलं "दोन मिनिटं" आणि लॉगआउट. गेला तो गेलाच. टँक नाही म्हटल्यावर रोगने (लपूनछपून वार करणारं पात्र) ग्रुप सोडला. आणि नवा टँक शोधायला गेलो तर जो मिळाला त्याला विंडसर कोण तेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या वीकेंडला जरा शहाणपण आलं होतं. ग्रुपमध्ये घ्यायच्या आधी प्रत्येकाला विचारलं, कुठल्या पायरीवर आहेस. पाचही जण जेलब्रेकवर. मला तर वाटलं अर्ध्या तासात घरी. कोठडीपर्यंत पोचलो, माझा माना (मंत्र टाकायची ताकद) संपत आला होता म्हणून मी बसून पाणी प्यायला लागले, चॅटवर लिहिलंही की थांबा. एक मेज (जादूगार) होता, त्याला काय घाई होती कुणास ठाऊक, त्याने विंडसरशी बोलून क्वेस्ट (ती सुटकेची कामगिरी) सुरू केली. विंडसर ताडकन चालायला लागला. हा म्हातारा कुणासाठी थांबत नाही बरं का, अंगावर ना चिलखत ना हातात शस्त्र, आणि समोर सैनिक दिसले की थेट त्यांच्यात घुसतो. मी पाणी टाकून धावले, पहिला मोठा हील (जखम भरायचा मंत्र) कास्ट होतोय तोवर तो पडला. क्वेस्ट फेल. मेज म्हणतो, "हीलर कुठे होता?" त्यावर मी जे लिहिलं ते इथे नको.

विंडसर मेला की त्या फेरीत काही करता येत नाही, डन्जन रिसेट करून परत दारापासून सगळं साफ करत यायचं. आम्ही आलो, तीच मंडळी, मेज थोडा ओशाळलेला. या वेळी जे पहिल्यापासून करायला पाहिजे होतं ते केलं, ते नीट वाचा. विंडसरशी बोलायच्याही आधी तुरुंगाची सगळी बोळं रिकामी करायची, कुत्र्यांसकट. त्याचा रस्ता म्हणजे आधी तो सामानाच्या खोलीत जातो, तिथे पेटी फोडून स्वतःचं चिलखत चढवतो, मग कोठड्या एकेक उघडतो. काही कैद्यांना सोडतो, काहींना मारतो. बोळं आधीच रिकामी असतील तर मग फक्त कोठड्यांतले उरतात, ते झेपतात.

झेपायला पाहिजे होते. शेवटच्या कोठड्यांपाशी दोघातिघांनी एकदम हल्ला केला, टँकच्या हातून एक सुटला आणि हीलिंगमुळे माझ्या अंगावर आला. सवयीने मी फेड मारला. प्रीस्टचा फेड म्हणजे शत्रूचं तुमच्यावरचं लक्ष थोडा वेळ उडतं. उडून ते कुठे जाणार याचा मी विचारच केला नाही. ते गेलं विंडसरवर. टँक वळेपर्यंत आणि माझा हील लागेपर्यंत त्याच्या हेल्थचा अर्धा बार गेला, दुसऱ्या हीलला माना नाही, पोशनचा कूलडाउन (परत घेता येईपर्यंतचा वेळ) चालू. तिथेच, दाराच्या तोंडाशी मेला तो. या खेपेला मी मेजला काय बोलणार? कुणी काहीच बोललं नाही, एकाने फक्त तीन टिंबं टाकली आणि सगळे निघाले. मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ नुसती बसून होते. एका गेममधल्या काल्पनिक म्हाताऱ्यासाठी मला खरंच वाईट वाटलं होतं, का स्वतःच्या मूर्खपणाचं, माहीत नाही.

तिसऱ्या वीकेंडला गिल्ड लीडरला सरळ सांगितलं, मला आपल्यातला टँक द्या. त्याने दिला, तो आधी हे करून बसलेला होता म्हणून त्याला क्वेस्ट नको होती. त्याने सांगितलेल्या दोनच गोष्टी: हीलरने विंडसरच्या नाही टँकच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे काही अंगावर आलं तर टँकला तिथल्या तिथे ओढता येतं, आणि फेडला हात लावायचा नाही. क्वेस्ट सुरू करायचा अधिकार फक्त माझा, माना पूर्ण भरला की मी लिहिणार "चला". लिहिलं. बारा-पंधरा मिनिटं लागली असतील, विंडसरला खरचटलंही नाही. हेच आधी कुणी सांगितलं असतं तर!

यानंतरची गंमत. सुटलेला विंडसर स्टॉर्मविंडच्या दाराशी भेटतो आणि तिथून राजवाड्यापर्यंत शांतपणे चालत जातो, रस्त्यातले शिपाई त्याला सलाम करतात, भारी वाटतं बघायला, तुम्ही फक्त मागे चालायचं. एका वेळी एकच मिरवणूक चालते, म्हणून दुसऱ्या कुणाची चालू असेल तर दाराशी ताटकळत बसा, मी बसले. राजवाड्यात तो लेडी प्रेस्टर या दरबारातल्या बाईचा बुरखा फाडतो, ती ऑनिक्सिया निघते, आणि काय करते? विंडसरला मारून टाकते. स्क्रिप्टच तशी आहे. ज्याला वाचवायला तीन वीकेंड घालवले तो कथेतच मरायला निघालेला. मी स्क्रीनकडे बघून हसले की रडले ते आठवत नाही.

पुढे विंटरस्प्रिंगमध्ये माझथोरिलच्या गुहेतून निळ्या वर्तुळावर पाय ठेवून वर हालेह या पात्राकडे जायचं, मग अप्पर ब्लॅकरॉक स्पायरमध्ये जनरल ड्राकिसाथचं रक्त, दहा जणांचा ग्रुप, चावीवाला एक तरी पाहिजे. हे सगळं झालं, ड्रेकफायर अॅम्युलेट हातात आलं, म्हणजे ऑनिक्सियाच्या दारातून जायची परवानगी.

आता ती पोशनबिशनची गोष्ट. मेजर माना पोशन २० तरी घ्या, ते १३५० ते २२५० माना देतं. पण ऑनिक्सियाला ग्रेटर फायर प्रोटेक्शन पोशनही लागतं आणि दोघांचा कूलडाउन एकच, दोन मिनिटांचा. म्हणून फायरवालं लढाई सुरू व्हायच्या आधीच घ्यायचं, म्हणजे माना लागेपर्यंत दुसरं घेता येतं. डीमॉनिक रूनचा कूलडाउन वेगळा असतो, तोही ठेवा, फक्त तो तुमचंच हेल्थ खातो, अर्धमेले असताना दाबू नका. नाइटफिन सूपही चांगलं, मासे पकडायला रात्री बसावं लागतं, मी बसले, झोप उडाली. आणि हो, सेक्रेड कँडल! प्रेअर ऑफ फोर्टिट्यूड (हेल्थ वाढवणारा मंत्र) पूर्ण ग्रुपला द्यायला मेणबत्ती लागते, शहरातल्या रीएजंट विक्रेत्याकडे मिळते. चाळीस जण दारात उभे, लीडर म्हणतो प्रीस्ट बफ (असले ताकद वाढवणारे मंत्र) द्या, आणि माझ्या बॅगेत एकही मेणबत्ती नाही. सगळ्यांचं हसू. त्या रात्री एकेकाला हाताने देत बसले, अर्धा माना तिथेच गेला. डीबीएम अॅडऑन पण टाकून ठेवा, डीप ब्रेथ (ऑनिक्सियाचा आगीचा मोठा फुत्कार) येतोय हे तो आधी ओरडून सांगतो. फिअर वॉर्डसाठी मॅक्रो (एका बटणावरचा तयार आदेश) बनवा, टार्गेट बदलायचा नाही.

हीलरला अजून एक, कास्ट केल्यावर पाच सेकंद माना स्पिरिटमुळे (आपोआप माना भरवणारा गुण) भरत नाही, म्हणून विनाकारण छोटे छोटे हील टाकत बसू नका, थांबायला शिका. मला तेच जमत नव्हतं, जेलब्रेकने शिकवलं म्हणायचं.

रेड स्वतः कसा झाला? ऑनिक्सिया तिसऱ्या प्रयत्नात पडली. पहिल्यात कुणीतरी शेपटीच्या मागे उभं राहिलं, तिने शेपटीने उडवलं ते थेट अंड्यांत, पिल्लं बाहेर, सगळे मेले. दुसऱ्यात तिचं हेल्थ ४० टक्क्यांवर आलं आणि उडणारी ती खाली उतरली तेव्हा फिअर वॉर्ड लावायला मी दोन सेकंद उशीर केला. तिसऱ्यात लागला. पडल्यावर डिस्कॉर्डवर नुसता आरडाओरडा. १८ खणांची बॅग पडली, चाळीस जणांनी रोल टाकला (१ ते १०० मधला आकडा, मोठा जिंकतो), माझे ४.

परवा एका नव्या पोराने विचारलं, "ताई, जेलब्रेकला मदत करशील का?" मी लगेच हो म्हटलं नाही. आधी विचारलं, चिठ्ठी मिळाली का. तो म्हणाला, "कुठली चिठ्ठी?"