वॉन्स्टेडचा महाल गेला कुठे?

आमच्याकडे लंडनला पाहुणे आले की टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस वगैरे उरकल्यावर एक संध्याकाळ हमखास वॉन्स्टेड पार्कला जाते. घरापासून जवळ आहे, तिकीट नाही, आणि आदल्या दिवशी तंगडतोड झालेल्या मंडळींना बरं पडतं. तिथे पोचल्यावर सगळे तोच प्रश्न विचारतात. एवढी मोठी तळी कुणीतरी मुद्दाम खणून घेतलेली दिसताहेत, झाडं रांगेत लावलेली आहेत, पाण्याकाठी कृत्रिम गुहेचा पडका दर्शनी भाग उभा आहे, पलीकडे खांबांचं एक टुमदार देऊळवजा बांधकाम आहे. हे सगळं ज्या घरासाठी केलं, ते घर कुठाय? आणि लगेच पुरवणी येते, "इंग्रज तर सगळं जपून ठेवतात ना हो? वाडे पाडायचं काम आपलं!"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर सांगते. तळ्याकाठी चालताना हे उत्तर कधी पुरं होत नाही. कुणाला तरी हंस दिसतो, फोटो सुरू होतात आणि महाल राहून जातो.

घर विकलं. पण घर म्हणून नाही. दगड, विटा आणि लाकूड म्हणून विकलं, आणि १८२५ पर्यंत ते जमीनदोस्त झालं. आग लागली नव्हती, युद्ध झालं नव्हतं, भिंतींना तडे गेले नव्हते. जेमतेम शंभर वर्षांची धडधाकट इमारत होती.

जागा जुनी. एलिझाबेथ राणीचा लाडका अर्ल ऑफ लेस्टर इथला मालक होता आणि १५७८ साली राणीला न सांगता त्याने दुसरं लग्न लावलं ते इथेच. पण आपल्या गोष्टीतला पैसा येतो जोसाया चाइल्डपासून. हा व्यापारी माणूस. आरमाराला रसद पुरवता पुरवता वर आला, ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर घेत गेला आणि १६८० च्या दशकात दोनदा कंपनीचा गव्हर्नर, म्हणजे लंडनमधला मुख्य, झाला. वॉन्स्टेडची जहागीर त्याने त्याआधीच, १६७० च्या दशकात विकत घेतली होती. १६८३ च्या मार्चमध्ये जॉन एव्हलिन नावाचे एक गृहस्थ ती बघायला आले आणि त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं की अक्रोडाची झाडं लावण्यात आणि मैलोन् मैल मासळीची तळी खणण्यात या माणसाने अफाट पैसा ओतलाय, तोही अशा ओसाड जागी. पण एकाएकी पैसा आलेले लोक बहुतेक अशाच जागी घर करतात. एव्हलिन खानदानी जमीनदार. त्यांच्या नाकाला लागलेली मिरची साडेतीनशे वर्षांनंतरही वाचताना झोंबते.

इथे मुंबई येते. १६८६ ते १६९० या काळात कंपनीने मुघलांशी लढाई उकरून काढली. लंडनहून हे धोरण रेटणाऱ्यांत जोसाया चाइल्ड सगळ्यात पुढे होता आणि आपल्या किनाऱ्यावर ते राबवणारा होता जॉन चाइल्ड. आडनाव एक म्हणून जुन्या पुस्तकांनी या दोघांना भाऊ करून टाकलंय, ते भाऊ नव्हते. मुघलांची जहाजं पकडण्याचा उद्योग अंगाशी आला. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुघलांच्या बाजूने शिवडीला उतरला. माझगाव आणि माहीम त्याने घेतलं आणि इंग्रज वर्षभराहून जास्त काळ किल्ल्यात कोंडले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली होती. औरंगजेबाचं लक्ष मराठ्यांवर होतं आणि कंपनी म्हणजे त्याच्या लेखी एक किरकोळ कटकट. शेवटी इंग्रजांनी माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरला. जॉन चाइल्डला हाकलून द्या अशीही अट होती, पण तो तोवर मरूनच गेला होता. त्या सगळ्याची झळ माझगावला लागली, वॉन्स्टेडला नाही. इथे अक्रोड वाढत होते.

जोसाया १६९९ मध्ये वारला. पार्कला लागून असलेल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचं संगमरवरी स्मारक आहे. पुतळा रोमन वेशात उभा आहे. आयुष्यभर बिअर, मिरी आणि कापडाचे हिशेब केलेला माणूस मेल्यावर रोमन सेनापती झाला, याचं मला दर वेळी हसू येतं.

पुढची पायरी मुलाने चढली. रिचर्ड चाइल्डला व्यापाराचा वास पुसून टाकायचा होता. त्याने आधी व्हायकाउंट कॅसलमेन आणि मग १७३१ मध्ये अर्ल टिल्नी अशी उमरावांच्या पदव्यांत बढती मिळवली, आणि मधल्या काळात वडिलांचं घर पाडून कोलेन कॅम्पबेल या वास्तुरचनाकाराकडून नवा महाल बांधून घेतला. काम १७१५ च्या सुमारास सुरू झालं. २६० फूट लांबीचा दर्शनी भाग, मध्ये सहा प्रचंड खांबांची देवळासारखी ड्योढी आणि वर त्रिकोणी माथा. इटलीतल्या पॅलाडिओ या जुन्या वास्तुरचनाकाराच्या धर्तीवरची ही शैली पुढे सगळ्या इंग्लंडभर पसरली, आणि मोठमोठ्या घरांनी कित्ता गिरवला तो वॉन्स्टेडचा. आतली सजावट विल्यम केंटची. (बागेत झाडं लावायला खणताना चक्क रोमन काळातली नक्षीदार फरशी निघाली होती. त्यापुढे आपला संगमरवरी जोसाया अगदीच नवखा.)

हे घर आतून कसं भासत असेल याची थोडी कल्पना होगार्थ या त्या काळच्या इंग्रज चित्रकाराच्या एका चित्रावरून येते. घरची आणि जवळची मंडळी एका भव्य दालनात जमली आहेत, पत्त्यांचा डाव पडलाय, बाजूला चहाचा सरंजाम मांडलाय. हे चित्र आता अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. वॉन्स्टेडचा महाल बघायचा तर असं कुठे कुठे भटकावं लागतं.

रिचर्डचा मुलगा, म्हणजे दुसरा अर्ल टिल्नी, बहुतेक काळ इटलीत राहिला आणि १७८४ मध्ये निपुत्रिक वारला. इस्टेट भाच्याकडे, मग भाच्याच्या लहान मुलाकडे गेली. तो मुलगा १८०५ मध्ये वारला आणि सगळं त्याच्या बहिणीकडे आलं. कॅथरिन टिल्नी-लाँग. वय पंधरा. उमरावपद नसलेल्या घराण्यातली इंग्लंडमधली सगळ्यात श्रीमंत मुलगी म्हणून वर्तमानपत्रं तिच्यामागे लागली. पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्रानेही तिला मागणी घातली होती. तोही कर्जबाजारीच. तिने त्याला नाही म्हटलं आणि १८१२ च्या मार्चमध्ये लग्न केलं ते विल्यम वेलस्ली-पोलशी. लग्नाआधीच त्याने तिची आडनावंही स्वतःला लावून घेतली आणि तो विल्यम पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली झाला. या लांबलचक नावावर त्याच वर्षी लोकांनी विडंबनं लिहिली.

वेलस्ली हे नाव आपल्याला नवं नाही. विल्यमचा सख्खा काका आर्थर वेलस्ली. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेणारा, २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकणारा, आणि पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. थोरले काका रिचर्ड तेव्हा कलकत्त्यात गव्हर्नर जनरल. म्हणजे ज्या घराच्या पायात कंपनीच्या पहिल्या, फसलेल्या लढाईच्या काळातला पैसा होता, ते उद्ध्वस्त केलं कंपनीची हिंदुस्थानातली सत्ता पक्की करणाऱ्यांच्या पुतण्याने. मला या गोष्टीचं वेड लागलं ते इथे. असईचं नाव शाळेत पाठ केलेलं असतं, त्याचा धागा आपल्या फिरायला जायच्या बागेत निघेल असं कुणाला वाटतं?

विल्यमने दहा वर्षांत काय केलं ते फार लांबवत नाही. मेजवान्या, घोडे, निवडणुका, बायका आणि कर्ज. १८१४ च्या जूनमध्ये काकांच्या विजयानिमित्त वॉन्स्टेडला थाटाची मेजवानी झाली, खुद्द प्रिन्स रीजंट, म्हणजे आजारी राजाच्या जागी कारभार पाहणारे युवराज, आले होते. १८२२ पर्यंत सावकार दारात उभे. मग त्याने राजाच्या पदरी एक मानाची नोकरी मिळवली, कारण राजाच्या नोकराला कर्जापायी अटक करता येत नसे. आणि तरीही शेवटी तो देश सोडून पळाला.

१८२२ च्या जूनमध्ये महालात लिलाव लागला. जॉर्ज रॉबिन्स नावाचा नामांकित लिलाववाला, आणि विक्री चालली ३२ दिवस. खुर्च्या, पलंग, चित्रं, भिंतींवरचे विणलेले पडदे, पुस्तकं, पुतळे. खरेदीदार आले त्याहून जास्त बघे आले. ज्या घराच्या फाटकाच्या आत एरवी पाऊल पडलं नसतं, त्याच्या शयनगृहापर्यंत आता कुणीही जाऊ शकत होता. सामानाचे सुमारे ४१ हजार पौंड आले. तेवढ्याने भागलं नाही. मग उरलं रिकामं घर.

सगळे इथे विल्यमला शिव्या घालून मोकळे होतात. माणूस नालायक होताच. पण नालायक जावई पुष्कळ घरांना मिळतात, म्हणून घरं विटांच्या भावाने जात नाहीत. माझ्या मते खरी मेख कायद्यात होती. जमीन पुढच्या वारसासाठी करारात बांधलेली होती. हयात मालकाने तिचं उत्पन्न खावं, तारण ठेवावं, पण ती कायमची विकता येत नव्हती. आणि पायाखालची जमीन मिळणार नसेल तर २६० फुटी महाल विकत घेणार कोण? गिऱ्हाईक मिळेना. इमारतीचं सामान मात्र सुटं करून विकता येत होतं. झालं, नॉरिचच्या बांधकामवाल्यांनी १० हजार पौंडांना ते उचललं. अट अशी की पाडून, सामान उचलून, जागा मोकळी करून द्यायची. उभारायला आणि सजवायला ३ लाख ६० हजार पौंड लागले होते असं सांगतात. इस्टेट वाचावी म्हणून केलेल्या तजविजीनेच घर गेलं.

आणि कॅथरिन? इस्टेट तिच्या माहेरची, पण तेव्हाच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हातात. करारात राखून ठेवलं होतं तेवढंच तिचं. नवरा परदेशात एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोबरोबर राहू लागला, तेव्हा ती मुलांना घेऊन इंग्लंडला परतली आणि १२ सप्टेंबर १८२५ ला वारली. छत्तिसावं सरलं नव्हतं. मुलं नवऱ्याच्या हाती पडू नयेत एवढाच तिचा शेवटचा ध्यास होता, आणि तो फळाला आला. १८२७ मध्ये लॉर्ड चान्सलर, म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायाधीश, एल्डन यांनी विल्यमला मुलांचा ताबा नाकारला. बापाचा हक्क म्हणजे ब्रह्मवाक्य मानण्याचा तो काळ. म्हणून हा खटला कायद्याच्या पुस्तकांत अजून सापडतो. महालापेक्षा हे टिकलं, आणि टिकायला हवं होतं तेही हेच. विल्यम १८५७ पर्यंत जगला, पुढे वारशाने अर्लसुद्धा झाला, पण शेवटी भाड्याच्या खोल्यांत, काका ड्यूकने लावून दिलेल्या आठवड्याच्या दहा पौंडांवर.

राहता राहिला तुमचा "इंग्रज जपतात" हा मुद्दा. जपतात, पण उशिरा शिकले. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, इथे मोठी घरं सटासट पाडली गेली. वारसा कर, नोकरमाणसांची टंचाई, गळकी छपरं. नोंद झालेली जुनी इमारत परवानगीशिवाय पाडता येणार नाही असा नीट कायदा झाला १९६८ मध्ये. १९७४ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं, त्यांच्या यादीत हजाराहून अधिक नावं होती. तेव्हा पुण्यातले वाडे पाडले म्हणून स्वतःला फार कोसू नका; निदान एकट्याला तरी नको.

आता जागेवर काय आहे? पार्कचा मोठा भाग १८८० मध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने घेतला आणि १८८२ मध्ये लोकांसाठी खुला केला. दोनच वर्षांत तळ्याकाठची ती गुहा जळाली. तिच्यात खाली होड्या लावायची सोय आणि वर शिंपल्यांनी, स्फटिकांनी आणि आरशांनी मढवलेली खोली होती. आता दिसतो तो नुसता सांगाडा. महालाची जागा मात्र पार्कात नाहीच. ती शेजारच्या गोल्फ क्लबच्या मैदानात आहे. तळघर होतं तिथे मोठा खड्डा राहिलाय, आणि घोड्यांच्या पागेत क्लबची मंडळी बसतात. रस्त्यावर फाटकाचे दोन दगडी खांब उभे आहेत, तेवढे कुणालाही बघता येतात.

आणि हो, पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, म्हणून तोही आत्ताच उरकते. नाही, कुणी परत बांधणार नाही. २००९ पासून हा सगळा पार्क धोक्यातल्या वारशाच्या सरकारी यादीत आहे. चाइल्ड मंडळींनी खणलेली तळी गळताहेत, एखादं तर उन्हाळ्यात चक्क आटतं, आणि त्यांची दुरुस्ती करायची कुणी आणि कुणाच्या पैशाने यावर बैठका चालू असतात.