फीचर नंतर द्या, आधी प्लेबॅक सुरळीत करा

ब्लेंडर या फुकट थ्रीडी अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरवाल्यांनी २०२४-२५ च्या हिवाळ्यात जे केलं ते मला मनापासून आवडलं, नवीन फीचर्स जरा बाजूला ठेवून मंडळी बग्ज निस्तरायला बसली आणि मार्च २०२५ च्या ४.४ व्हर्जनमध्ये ७०० च्या वर प्रॉब्लेम सुटले. अशा अपडेटचा गाजावाजा होत नाही, पण अ‍ॅनिमेटरला हेच तर हवं असतं! कॅरेक्टरचं रिग, म्हणजे त्याला हलवणारा आतला सांगाडा, जड झालं की सेकंदाला २४ फ्रेमचा प्लेबॅक पार रखडतो, मग हात उशिरा उचलला जातोय तो आपल्या की-फ्रेममुळे (आपण ठरवून दिलेल्या पोझमुळे) की सॉफ्टवेअर अडकतंय म्हणून, हेच कळत नाही आणि प्रत्येक बारीक बदलाला प्लेब्लास्ट, म्हणजे झटपट कच्चा व्हिडिओ, काढत बसावं लागतं. टायमिंगवर तर सगळं काम उभं आहे ना.

चालू प्रोजेक्टला एलटीएसच, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं व्हर्जनच, वापरा असं मी सगळ्यांना सांगते. २०२० मध्ये २.८३ पासून ही सोय आहे, दोन वर्षं फक्त दुरुस्त्या येतात. नवीन व्हर्जन बघायचंच असेल तर इन्स्टॉल न करता चालणारं झिपवालं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, फाइलची कॉपी उघडा. आणि क्रॅश झालंच तर हेल्प मेनूतून बग नोंदवा, नेमकं काय केल्यावर बंद पडलं ते लिहून, शक्यतो छोटी फाइल जोडून.