अण्णांची उधारीची वही

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. किराणा दुकान त्याच्या आधीच बंद केलं होतं पण उधारीच्या वह्या कपाटात तशाच पडून होत्या, लाल कापडी बांधणीच्या, लांबट, पहिल्या पानावर श्री आणि खाली शुभ लाभ. दिवाळीला गावी गेलो तेव्हा दादा म्हणाला, बस, आज हे एकदाचं मिटवून टाकू. बेरीज केली, येणं बाकी १ लाख ८२ हजार निघाली.

दादाचं म्हणणं, बापाच्या घामाचे पैसे आहेत, ज्यांचं आता बरं चाललंय त्यांना तरी मागू. मी म्हणालो सोडून देऊ, आणि लगेच तुकोबांचं उदाहरण दिलं, इंद्रायणीत खतं, म्हणजे लोकांच्या कर्जाचे कागद, बुडवली म्हणून. दादा एवढंच बोलला, "सगळी नाही बुडवली. निम्मी आधी कान्होबाला दिली."

मला पुढे बोलताच येईना. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तुकोबांच्या घरात सावकारी, १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ, धंदा बसला, पहिली बायको गेली, मुलगा गेला, आणि मग तुकोबांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याच्या हातात ठेवला आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खतं नदीत सोडली. आपल्याला बुडालेले कागद तेवढे लक्षात राहतात, भावाच्या हातातले राहत नाहीत. मी पुण्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणार, दादाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि मी त्याच्या वाट्यावर उदार होत होतो.

मग रात्री नीट वही वाचत बसलो. २०१२-१३ च्या दुष्काळाची पानं लगेच ओळखू येतात. त्याच्या आधी एका नावावर साखर ५ किलो, तेलाचा डबा असं असायचं, तिथे आता रोजची ओळ, तेल ५ रुपयांचं, चहापत्तीची पुडी, मीठ. एका घरात मात्र एकदम रवा १ किलो, खोबरं, गूळ, डिंक, म्हणजे लेक बाळंतपणाला आली असणार, आणि त्याच्यापुढे सहा महिने जमेच्या बाजूला काहीच नाही. अण्णांनी त्यांना माल बंद केला नाही हे खरं. पण ५ रुपयांचं तेल घेणाऱ्याला ते तेल किलोमागे डबा घेणाऱ्यापेक्षा महाग पडायचं हेही खरं, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा रुपया दोन रुपये जास्तच लागायचा. अण्णा वाईट नव्हते, त्यांनाही घाऊक व्यापाऱ्याची बाकी भागवायची असायची. तरीपण त्या १ लाख ८२ हजारातले काही पैसे लोकांनी कधीच देऊन टाकलेत असं मला वाटतं, आणि त्याच जादा भावातून माझी कॉलेजची फी गेली. तेव्हा मी "माफ करतो" म्हणायचं ते कुठल्या तोंडाने?

आमच्या पुणे जिल्ह्यात कागदाला माणसं का घाबरतात ते समजून घ्यायला सुप्याचं १८७५ सालचं प्रकरण बघावं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला मिळालेला भाव नंतर कोसळला, त्यात सारा वाढला, शेतकरी सावकाराच्या खतात अडकला. खतात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, खाली निशाणी मात्र त्याचीच. १२ मे ला सुप्यात लोक सावकारांवर उठले आणि नंतर गावोगाव मागणी एकच, खतं आणि वह्या द्या. मिळाली की जाळायची. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. माणसं धान्य लुटायच्या आधी कागद मागतात, यावरून त्या कागदाचं ओझं किती होतं ते कळतं.

सकाळी आम्ही दोघांनी नावं वाटून घेतली, निम्मी निम्मी. दादाने त्याच्या वाट्याचं काय करायचं ते तो ठरवेल, मी विचारलं नाही. माझ्या वाट्याची नावं ज्यांची, त्यांच्यातले जे भेटले त्यांना सांगितलं, आता काही बाकी नाही.

वरच्या आळीतल्या आक्का ते ऐकून दुपारी घरी आल्या, पदराच्या गाठीत ३४० रुपये बांधून. मी म्हणालो आक्का, राहू द्या, मी सोडलंय. त्या ओट्यावर बसल्याच नाहीत, उभ्या उभ्या म्हणाल्या, "तू सोडलंस बाळा, पण मी कुठं सोडलंय? अण्णांनी माझ्या पोराच्या आजारपणात दिलंय. घे आन् वहीत मांड."

घेतले. वही आणून त्यांच्यासमोर उघडली, नाव काढलं, अण्णा मारायचे तशी आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, फिटली. आक्कांना वाचता येत नाही. त्यांनी रेघेवरून बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "सगळ्या वळीवरनं गेली ना रेघ?"