रोज तेच तेच, तरी कंटाळा का येत नाही

लग्नात, सोसायटीच्या जिन्यात, बँकेच्या रांगेत, मी काय काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "रोज तेच तेच करून कंटाळा नाही का येत?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसतं. तीच मशीन, तेच डंबेल, तोच आरसा आणि बारा-बारा वेळा तीच हालचाल. मी नाशिकमध्ये एका फिटनेस क्लबमध्ये ट्रेनर आहे. सकाळची बॅच घेते, दुपारी स्वतःचा व्यायाम करते, संध्याकाळी पुन्हा फ्लोअरवर असते. जिन्यात उभ्या उभ्या "नाही हो, आवडतं मला" एवढंच सांगून होतं आणि दर वेळी वाटतं, नीट सांगायला हवं होतं. तर तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

तेच तेच असतं हे अगदी खरं आहे आणि मला नेमकं तेच आवडतं. ऑलिम्पिक बार, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावायचा लांब लोखंडी दांडा, 20 किलोचा असतो. बायकांचा 15 किलोचा, लांबीला थोडा कमी आणि मुठीत बसेल असा जरा बारीक, 28 मिलीमीटरऐवजी 25. आज 20 किलो, उद्याही 20 किलो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या मालकाला तेवढाच आणि तिथल्याच मशीनवर उभ्या राहणाऱ्या पोरालाही तेवढाच. बाकी सगळं रोज बदलतं. झोप बदलते, पोट बदलतं, घरातली कटकट बदलते, डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या की बारसुद्धा हाताला बर्फासारखा लागतो आणि वॉर्मअपला दहा मिनिटं जास्त द्यावी लागतात. पण वजन मात्र जागचं हलत नाही. म्हणूनच त्याच्याशेजारी उभा असलेला माणूस किती पुढे गेला ते लख्ख दिसतं. हे रोज जवळून बघायला मिळणं, हा माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

एक उदाहरण सांगते. पंचवटीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू आमच्याकडे येतात. आल्या तेव्हा कंबर धरूनच आल्या होत्या. डॉक्टरांनी तपासून व्यायामाला परवानगी दिली होती, पण वजन उचलायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आधी आम्ही नुसती लाकडी काठी घेतली. वाकायचं ते पाठीतून नाही, खुब्यातून, हे शब्दांत सांगून कुणालाच कळत नाही. मी म्हटलं, "काकू, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि मागचं दार पार्श्वभागानं ढकलून लावायचंय." त्यांनी लगेच बरोबर केलं. गुडघे किंचित वाकले, पाठ सरळ राहिली, मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या. "अगं, हे तर मी रोजच करते," म्हणाल्या.

मग बऱ्याच आठवड्यांनी 15 किलोचा बार जमिनीवर आला, म्हणजे दोन्ही बाजूंना हलक्या, मोठ्या रबरी प्लेट लावून, बार नडगीच्या मध्यावर येईल अशा उंचीवर. काकूंनी साडीऐवजी घातलेला पंजाबी ड्रेस सारखा केला, बारजवळ उभ्या राहिल्या, वाकून मूठ आवळली. मी म्हटलं, "आधी श्वास पोटात भरा, मग पायांनी जमीन ढकला." क्षणभर काहीच झालं नाही. मग प्लेट मॅटवरून सुटताना येतो तो बारीकसा आवाज आला आणि बार नडगीला घासत, गुडघ्यावरून, मांडीवर येऊन थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, आरशातल्या स्वतःकडे बघितलं. मग सावकाश, अजिबात न आपटता, बार खाली ठेवला आणि विचारलं, "अजून एकदा करू?"

हे "अजून एकदा करू?" ऐकायला मिळतं म्हणून मी पहाटे साडेचारला आनंदानं उठते. त्यात अतिशयोक्ती नाही.

काकूंना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना मी एक गोष्ट सुरुवातीलाच समजावते. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसांमुळे. असलेल्या स्नायूंना एकत्र, वेळेवर कामाला लावायला शरीर शिकत असतं. स्नायू भरायला नंतर वेळ लागतो. त्यामुळे आरशात काही फरक नाही, वजनकाट्यावर काही फरक नाही, पण वही बघितली तर आकडे वर चाललेले असतात. म्हणून मी प्रत्येकाला वही ठेवायला लावते. साधी शाळेची शंभर पानी वही. तारीख, व्यायाम, किती किलो, किती सेट आणि एका सेटमध्ये किती वेळा. मोबाइलवर ॲप आहेत, चांगली आहेत, पण वहीवर घामाचे डाग पडतात, कोपरे दुमडतात आणि मागची पानं उलटताना माणसाचा चेहरा बदलतो. मला तरी वहीच पटते.

आमच्याकडे कोण कधी येतं यावरून नाशिकचं कॅलेंडर कळतं. पहाटे पहिले येतात ते रिटायर झालेले काका लोक, त्यातले काही नाशिकरोडच्या प्रेसमधले, जिथे नोटा छापतात. वेळेचे इतके पक्के की त्यांच्या येण्यावर घड्याळ लावावं. सातपूर-अंबडची तिसरी शिफ्ट सुटली की डोळे लाल झालेली पोरं येतात. त्यांना मी जड काही करू देत नाही, हलकं करवून घेऊन घरी झोपायला पिटाळते. दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षवाले ऑक्टोबरच्या छाटणीला गायब होतात आणि बागा खाली झाल्या, माल गेला की मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उगवतात. ओळखीचा हात दारातूनच वर होतो, "मॅडम, आलो बरं का." पाच-सहा महिने बागेत राबलेल्या माणसाची मूठ मऊ पडत नाही. बाकी मेंबर जिथे मुठीतून बार सुटतो म्हणून थांबतात, तिथे हे थांबत नाहीत.

आणि भरतीची मुलं-मुली. पोलीस भरती जाहीर झाली की फ्लोअरवरचं वातावरणच पालटतं. मुलांना 1600 मीटर धावायचं असतं आणि 7.260 किलोचा गोळा फेकायचा असतो, मुलींना 800 मीटर आणि 4 किलोचा गोळा. धावायला ती मैदानावर जातात, आमच्याकडे येतात ते गोळ्यासाठी. बहुतेकांना वाटतं गोळा हातानं फेकतात. मी त्यांना आधी पाय आणि कंबर करायला लावते. गोळ्याचा जोर जमिनीतून पायात, पायातून कमरेत आणि शेवटी खांद्यात येतो. एका मुलीनं गोळा हातात न घेता नुसतं अंग फिरवून दाखवलं आणि तिचं तिलाच कळलं की आतापर्यंत मागचा पाय नुसता उभाच होता. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून दिसतो.

कोपऱ्यात रोइंग मशीन आहे, होडी वल्हवल्यासारखा दांडा ओढायचं. त्यावर सहसा कुणी बसत नाही, कारण दोन मिनिटांत दम लागतो. नवीन पोरगं त्यावर बसलं की मी दत्तू भोकनळचं नाव काढतेच. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याचं दुर्भिक्ष असलेलं गाव. तिथला मुलगा सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला, 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक घेऊन आला. ती शर्यत 2000 मीटरची असते. मशीनवरही 2000 मीटर लावता येतात. पोरं आधी हसतात, मग मुकाट्यानं दांडा धरतात. धावणाऱ्या मुलींना कविता राऊतबद्दल सांगावंच लागत नाही, सावरपाड्याची कविता त्यांना पाठ असते. 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आपल्याच जिल्ह्यातली माणसं आहेत ही. पोस्टरवरच्या परदेशी बॉडीबिल्डरपेक्षा त्यांची नावं पोरांच्या पायात जास्त बळ आणतात, हा माझा अनुभव आहे.

आता माझ्या स्वतःच्या व्यायामाबद्दल. दुपारी एक ते तीन फ्लोअर रिकामा असतो. गाणी बंद करते. पंखा, बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न आणि प्लेटचा आवाज, एवढंच उरतं. मला पुलअप सगळ्यात प्रिय. पूर्ण लटकायचं, खांदे आधी खाली ओढायचे, मग कोपर बरगड्यांकडे आणत हनुवटी दांड्याच्या वर. झोके नाहीत, लाथा नाहीत. वर पोचल्यावर अर्धा सेकंद सगळं अंग एकसंध असल्यासारखं वाटतं. खाली येताना मी मुद्दाम हळू येते, कारण स्नायू लांबत असताना वजन पेलणं हे मोठं काम असतं. ठणका लागतो तोही मुख्यतः त्यानंच, एक-दोन दिवसांनी. हातांना घट्टे पडलेत. आईला ते आवडत नाहीत, मला आवडतात. व्यायाम झाला की प्लेट मापाप्रमाणे लावून ठेवते, 20 खाली, मग 15, 10, 5 आणि सगळ्यात वर ती सव्वा किलोची छोटी चकती. ती चकती माझी लाडकी आहे. मोठी उडी मारायला निघालेल्या माणसाला मी तीच हातात देते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा अडीच.

रविवारी आमची सकाळची टोळी व्यायामानंतर मिसळीला जाते. काळ्या मसाल्याची, सोबत पापड, दही. कुणीतरी दर वेळी विचारतं की ट्रेनरनं मिसळ खावी का. मोड आलेली मटकी आहे, आनंदानं खावी, तर्री जरा बेतानं घ्यावी. त्या टेबलावर एकमेकांची आडनावं माहीत नसलेली माणसं बसलेली असतात, पण कुणाचा डावा गुडघा दुखतो आणि कुणाची मुलगी बारावीला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

क्लबमध्ये मारुतीचा फोटो आहे आणि शनिवारी त्याला नारळ फुटतो. खंडेनवमीला सगळ्या रॅकना, ट्रेडमिललासुद्धा, झेंडूच्या माळा घालतो. त्या दिवशी वजनांना हळदकुंकू लागतं. मला हे फार योग्य वाटतं. चकचकीत काचा आणि एसी आल्यामुळे हे काहीतरी नवंच आहे असं वाटतं, पण अंग कमवायची हौस नाशिकला जुनी आहे. मल्लखांबाला पुन्हा उभं करणारे बाळंभटदादा देवधर यांना ती विद्या सप्तशृंगी गडावर मिळाली अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. प्रेसवाल्या काकांपैकी एक जण तरुणपणी तालमीत जायचे. अजूनही ट्रेडमिलकडे न बघता कोपऱ्यात मॅट टाकून जोर मारतात. त्यांचा जोर बघून मी आमच्या दोन ट्रेनर पोरांना शेजारी उभं करून शिकायला लावलं. खांदा, पाठ, कंबर सगळं एका लाटेत फिरतं त्यांचं.

या क्षेत्रातलं जे खटकतं तेही सांगते. नव्वद दिवसांत कायापालट, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो. त्या माणसाला सांगतात की आत्ता तू आहेस तो चुकीचा आहेस. पहिल्या दिवशी दारात बिचकत उभ्या असलेल्या जाड मुलाला तेवढं एक वाक्य बाहेर घालवायला पुरतं. आमच्याकडे मी असले फोटो लावू दिले नाहीत.

याच प्रश्नाला जोडून अजून एक येतो. "ठीक आहे, पण वय झाल्यावर काय करणार?" तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. याला सर्वांत चांगला उपाय वजन उचलणं हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायामासोबत दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि वृद्धांना तोल सांभाळायचा व्यायामही. एका प्रेसवाल्या काकांच्या पत्नीला पूजेला खाली बसता येत नव्हतं, म्हणजे बसलं तर उठता येत नव्हतं. आम्ही उंच बाकावरून सुरुवात केली, मग खुर्ची, मग पाट. या श्रावणात त्या सत्यनारायणाला पूर्ण वेळ मांडी घालून बसल्या आणि कुणाचाही हात न धरता उठल्या. प्रसादाचा डबा घेऊन त्या स्वतः क्लबमध्ये आल्या होत्या. त्यामुळे वय झाल्यावर मी हेच करणार आहे, आणि माझ्या बॅचलाही तेच करायला लावणार आहे.

तुम्हाला यायचं असेल तर सकाळी साडेअकराच्या सुमारास या, तेव्हा गर्दी नसते आणि मला वेळ देता येतो. येण्याआधी दोन तास भरपेट जेवू नका, सपाट तळव्याचे बूट आणा, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून या आणि मलाही सांगा. वही माझ्याकडे मिळेल. आणि घरी आई किंवा सासूबाई असतील तर त्यांनाही घेऊन या. त्या म्हणतील, "माझं काय आता." तरी आणा.