रिस्टोअरवर बोलायला मी कोण?

मी डेटाबेस ॲडमिन आहे, म्हणजे संशय घ्यायचा पगार मिळतो. पहाटे 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल येतो, त्याचा अर्थ एवढाच की कुठेतरी एक फाइल पडली. पीजी-डंप (पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटा फाइलमध्ये उतरवणारं टूल) आपलं आउटपुट थेट जीझिप या फाइल लहान करणाऱ्या टूलला देत असतं, डंप अर्ध्यात मरतो, जीझिप बिचारं आलं तेवढं नीट गुंडाळून ठेवतं आणि शून्य एक्झिट कोड, म्हणजे 'सगळं ठीक', असं कळवतं, ठरल्या वेळी हे चालवणारा क्रॉन खूश, डॅशबोर्ड हिरवा, मॅनेजरही खूश. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (साखळीतलं एकही टूल फेल झालं तर सगळंच फेल धरायची सेटिंग) लावलं नसेल तर हे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आम्ही रोज रात्री मुख्य डेटाबेसचा फिजिकल बॅकअप (डेटाच्या फाइल्सची जशीच्या तशी कॉपी) वेगळ्या सर्व्हरवर उचलतो, म्हणजे रिस्टोअर करतो, त्याच्यावर वॉल फाइल्स (नंतरच्या बदलांची नोंद) चढवतो, आणि मग रो-काउंट, म्हणजे ओळींची संख्या, आणि शेवटच्या ट्रान्झॅक्शनची वेळ जुळतेय का बघतो.

हे कॉन्फरन्समध्ये सांग म्हणून टीमलीडने मला प्रपोजल टाकायला लावलं आणि ते सिलेक्ट झालं. तेव्हापासून डोक्यात एकच, यात नवीन काय आहे, हे तर सगळे करतच असणार. त्यात आयोजकांनी बायोमध्ये स्वतःहून 'एक्सपर्ट' घुसडलं.

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर, म्हणजे 'आपण लायक नाही, कधीतरी उघडे पडू' या इम्पोस्टर भावनेवर, पहिला पेपर लिहिला, दीडशेहून जास्त कर्तबगार बायकांशी आलेल्या अनुभवावरून. त्यातली एक गोष्ट मला फार लागली: उघडं पडायच्या भीतीने माणूस मरमर तयारी करतो, काम चांगलं होतं, आणि श्रेय जातं त्या मरमरीला. म्हणजे भीती आहे तिथेच. माझंही तेच चाललं होतं, रोज स्लाइड्स वाढत होत्या. अर्ध्या तर गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या किश्शावर. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या इंजिनिअरने चुकून प्रायमरीची, म्हणजे मुख्य डेटाबेस सर्व्हरचीच, डेटा डिरेक्टरी उडवली, बघतात तर डंप जुन्या व्हर्जनच्या पीजी-डंपने चालत होते म्हणजे फेलच होत होते, आणि फेल झाल्याचे मेलसुद्धा रिजेक्ट होत होते. शेवटी साधारण सहा तास आधी एकाने हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. किस्सा भारीच आहे, त्यांनी स्वतः सगळं उघडपणे लिहिलंय, पण मी तो घेतला होता कारण दुसऱ्याच्या गोष्टीमागे लपता येतं. आदल्या रात्री तो एका स्लाइडवर आणला आणि ठरवलं, जे मी स्वतः चालवलंय तेवढंच बोलायचं.

टीमलीडचा सल्ला होता, समोरच्यांना काही कळत नाही असं समजून बोल. इतका निरुपयोगी सल्ला मी ऐकला नाहीये, कारण समोरच्यांना कळत होतं. ज्यांचे लेख वाचून मी रेप्लिकेशन (डेटाबेसची चालती प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणं) शिकले ते गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसले होते आणि पूर्णवेळ लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होते. मी मनात धरूनच चालले की चुकांची यादी होतेय.

प्रश्नोत्तरांत पहिला हात त्यांचाच. "इंडेक्स करप्ट असेल तर तुमच्या रो-काउंटला कळेल का?" इंडेक्स म्हणजे डेटा पटकन शोधायला ठेवलेली क्रमवार सूची.

"नाही कळणार सर. तो फक्त ओळी मोजतो, टेक्स्टच्या इंडेक्सचा क्रम तपासत नाही," मी म्हटलं. आणि पुढचं आपोआपच आलं, की आमच्या रिस्टोअर सर्व्हरची ओएस नवी आहे, जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ व्हर्जनमध्ये टेक्स्ट सॉर्टिंगचा क्रम बदलला, त्यामुळे फिजिकल बॅकअप तसाच नव्या मशीनवर उचलला की डेटा शाबूत पण इंडेक्सचा क्रम चुकीचा असं होऊ शकतं. ते म्हणाले, मग ॲमचेक (इंडेक्स तपासणारं पोस्टग्रेसचं टूल) लावा ना. मी म्हटलं लावता येईल, पण इंडेक्स टेबलशी ताडून बघायचा पर्याय घेतला तर वेळ किती जाईल? मागून कुणीतरी म्हणालं आधी फक्त टेक्स्टवाले इंडेक्स तपासा. दोन-चार मिनिटं आम्ही तिघं बाकीच्यांना विसरून भांडत होतो.

माझं डोकं अडकलंय ते इथे. त्या दोन-चार मिनिटांत भीतीचा मागमूस नव्हता, आणि हे मी कुठल्या ब्रीदिंग एक्सरसाइजने आणलं नव्हतं. समोर प्रश्न होता आणि तो माझ्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग होता, बस. पण स्टेजवरून उतरल्यावर ते "छान झालं" म्हणाले आणि मला लगेच वाटलं, सभ्य माणूस आहे, सगळ्यांनाच म्हणत असेल. बॅकअपचं बरं असतं, उचलून तपासता येतो. दुसऱ्याच्या "छान"ची खात्री कुठल्या सर्व्हरवर करायची?

ॲमचेक लावलंय, आत्ता फक्त टेक्स्टच्या इंडेक्सवर. सगळ्यावर चालवलं तर रात्रीच्या वेळात मावत नाही, त्यामुळे दुसरा सर्व्हर मागितलाय. मॅनेजर म्हणतो डॅशबोर्ड हिरवा आहे की.