एका घरात तीन चुली

इंटर्नशिपचा बारावा दिवस. फाउंडेशनने दोन वर्षांपूर्वी अकोले तालुक्यात वाटलेल्या बिनधुराच्या चुली अजून वापरात आहेत का, ते बघायला आज एका वाडीवर गेलो. टॅबवर ४२ प्रश्न. सतरावा : ‘नवी चूल रोज वापरता का?’ आजी म्हणाल्या, "व्हय की!" मी ‘हो’वर टिचकी मारून पुढे.

मग पाणी प्यायला आत गेलो, तर नव्या चुलीवर कांद्यांची टोपली! जाळ जुन्या चुलीत, तव्यावर भाकरी. आजी हसल्या. "तिच्यात लाकडं लई बारीक फोडाया लागत्यात रं. आन् तुमी एवढ्या लांबून आले, नाय कसं म्हनू?"

समोरच्याला बरं वाटेल असंच उत्तर द्यायचं, याला ‘सोशल डिझायरेबिलिटी बायस’ म्हणतात. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलाय मी हा!

कोपऱ्यात उज्ज्वला योजनेतला सिलिंडरही होता (२०१६ ची ती योजना), पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. म्हणजे चुली तीन आणि माझ्या फॉर्मात रकाने दोनच.

संध्याकाळी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्यापासून आधी स्वयंपाकघर बघायचं, मग विचारायचं. आजच्या नऊ घरांतही परत जायचंय. त्यात माझी टोपी जीपमध्येच राहिलीय 😑